पदरावरचा मोर आणि त्याची पाठ

(नाशिकमधल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय आहे रेशमावरचे पक्षी आणि फुलं. विषय वाचून तुमच्यापैकी काहींना जपान आठवला असेल. ते बरोबरच आहे. रेशमी कापडावर पक्षी आणि फुलं रंगवण्याची फार मोठी परंपरा तिथे आहे, आणि तिच्याबद्दल आपण थोडं बोलणारच आहोत. पण नाशिकमध्ये बसून हा विषय घ्यायचा म्हटलं की पावलं आपोआप येवल्याकडे वळतात. इथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तिथेही रेशमावर मोर आहेत, पोपट आहेत, कमळं आहेत, वेली आहेत. मात्र जपानी चित्रकाराचा पक्षी रंगवलेला असतो आणि येवल्याच्या कारागिराचा पक्षी विणलेला असतो. आजच्या तासाभरात आपल्याला हा एवढा एकच फरक नीट समजून घ्यायचा आहे. तो समजला की पैठणी बघता येते. आणि पैठणी बघता आली की आपण दुकानात पैसे नेमके कोणत्या कामाचे देतो, हेही कळतं.

एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. घरी पैठणी असेल तर पदरावरच्या मोराची मान अगदी जवळून बघा. लांबून ती छान बाकदार दिसते. जवळ गेलात, की तिच्या कडेला बारीक बारीक पायऱ्या दिसतात. आपल्याकडे पायऱ्या-पायऱ्यांची रांगोळी काढतात ना, चौकटीच्या कागदावर? तसं. आता जो माणूस इतका सुंदर मोर करू शकतो, त्याला गोल मान जमली नसेल का? जमली नसेल असं नाही. मग पायऱ्या का? हा प्रश्न मनात ठेवा.

आधी थोडं जपान

जपानी भाषेत या चित्रप्रकाराला 'काचो-गा' म्हणतात. 'का' म्हणजे फूल, 'चो' म्हणजे पक्षी आणि 'गा' म्हणजे चित्र. परंपरा मूळची चीनमधली, जपानमध्ये जाऊन ती तिथल्या मातीत रुजली. त्यात फूल आणि पक्षी यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. 'उमे' नावाच्या झाडाच्या फुलांबरोबर 'उगुइसु' हा छोटा गाणारा पक्षी आला, की बघणाऱ्याने समजायचं, थंडी सरली, वसंत आला. पाइनच्या झाडाबरोबर क्रौंच आला, की दीर्घायुष्य. बांबूबरोबर चिमण्या. आपल्याकडे आंब्याचा मोहोर म्हटला की पाठोपाठ कोकीळ येतेच, तसंच हे.

हे चित्र ज्या रेशमावर काढतात ते पातळ असतं. नुसत्या रेशमावर रंग लावला तर तो पसरेल. म्हणून आधी सरस आणि तुरटी यांचं पाणी त्यावर फिरवतात. रंग खनिजांचे. निळा एका दगडाचा, हिरवा दुसऱ्या दगडाचा, पांढरा शिंपल्यांच्या पुडीचा. ही पूड सरसात कालवायची आणि कुंचल्याने लावायची.

या परंपरेतलं एकच नाव आज आपण घेऊ. इतो जाकुचू, काळ १७१६ ते १८००, गाव क्योतो. घरचा धंदा भाजीपाल्याच्या घाऊक व्यापाराचा, निशिकी बाजारात. आपल्याकडे पंचवटीच्या मार्केट यार्डात जशा पेढ्या आहेत तशी पेढी समजा. गंमत म्हणजे 'निशिकी' या शब्दाचा अर्थच मुळी जरतारी, नक्षीदार विणलेलं कापड. चाळिशीच्या सुमारास या गृहस्थाने धंदा धाकट्या भावाकडे सोपवला आणि पूर्ण वेळ चित्रं काढायला लागला. अंगणात कोंबडे पाळले आणि ते बघत बसला. चालतात कसे, मान कशी वळवतात, पिसं कुठे फुगतात. मग साधारण १७५७ ते १७६६ या दहाएक वर्षांत त्याने रेशमावर ३० मोठी चित्रं केली. पक्षी, फुलं, मासे, किडे. ती त्याने क्योतोच्या शोकोकुजी मंदिराला दिली आणि १८८९ साली ती जपानच्या राजघराण्याकडे गेली.

या चित्रांतली एक गोष्ट आजच्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. जाकुचू रेशमाच्या पाठीमागूनही रंग लावायचा. रेशीम पातळ, त्याच्या धाग्यांमध्ये बारीक जागा. मागून लावलेला रंग पुढे मंद झिरपतो, आणि पुढच्या रंगाला आतून उजेड आल्यासारखा वाटतो. त्याचं पांढऱ्या फिनिक्स पक्ष्याचं एक चित्र आहे. त्या पक्ष्याची पिसं सोन्यासारखी चमकतात. पुढे अभ्यासकांनी तपासलं तर तिथे सोनं नव्हतंच. मागून पिवळी माती, पुढून शिंपल्याचा पांढरा. सोन्याचा नुसता भास.

म्हणजे जपानी रेशमी चित्रात पाठ ही चित्रकाराची गुप्त जागा आहे. बघणाऱ्याने ती बघायचीच नसते. हे लक्षात ठेवून आता येवल्याला जाऊ. तिथे बरोबर उलटं आहे.

विणलेला पक्षी कसा तयार होतो

विणकामाचा पाया सगळ्यांना माहीत असतो, तरी उजळणी करू. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यातून आडवा धागा जातो, तो बाणा. पायाने पावडी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जातात, अर्धे खाली राहतात. मधल्या फटीतून धोटा इकडून तिकडे जातो. मग फणीने ठोकायचं. दुसरी पावडी, वरचे धागे खाली, खालचे वर, धोटा परत. झाली एक फेरी. साधं कापड असं बनतं, आणि त्यात धोटा काठापासून काठापर्यंत एका दमात जातो.

पैठणीच्या पदरात धोटा असा जात नाही. पदराची जमीन जरीची असते आणि त्या जरीत रेशमी पक्षी बसवायचा असतो. आपण अगदी साधा पोपट घेऊ. हिरवं अंग आणि भोवती गडद कड. एका आडव्या ओळीत काय काय येईल? आधी जर, मग कडेचा गडद धागा, मग हिरवा, मग परत गडद, मग परत जर. या प्रत्येक तुकड्यासाठी धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. कारागीर प्रत्येक कांडी तिच्या वाटणीच्या ताण्याच्या धाग्यांमधून बोटांनी काढतो. जर पोपटापर्यंत येते आणि थांबते. तिथे ती शेजारच्या गडद धाग्यात अडकवतात, एकमेकांत कडी घातल्यासारखी, आणि दोघं आपापल्या घरी परत फिरतात. तसंच पुढे.

आता समजा पदरावर ओळीने १० पोपट आहेत. प्रत्येक पोपटाच्या ३ कांड्या, झाल्या ३०. त्यांच्या मधल्या आणि दोन्ही टोकांच्या जरीच्या ११. एकूण ४१ कांड्या. साध्या कापडात जिथे एक धोटा एकदा फेकून काम होतं, तिथे इथे ४१ वेळा हात घालायचा, ४१ वेळा मोजायचं, आणि ४० ठिकाणी सांधा अडकवायचा. हे झालं एका ओळीचं. मग फणी ठोकायची आणि पुढची ओळ. रेशीम इतकं बारीक, की एका बोटाच्या रुंदीइतकं काम पुढे सरकायला अशा डझनावारी ओळी लागतात. आणि हा आम्ही सगळ्यात सोपा पोपट घेतला. मोराच्या पिसाऱ्यात किंवा कमळात रंग वाढले की कांड्या किती वाढतील याचा हिशेब तुम्हीच करा. काही कमळांत सात-आठ रंग असतात.

नमुना कुठे असतो? आलेखाच्या कागदावर काढलेला असतो. पण तेच तेच विणून ज्यांची वर्षं गेली त्यांच्या तो डोक्यात असतो. किती धागे सोडायचे आणि किती घ्यायचे, हे त्यांच्या तोंडी पाढ्यासारखं असतं.

आणखी एक गोष्ट. चित्रकार डोळा शेवटी काढू शकतो. आधी अंग, मग पंख, सगळं मनासारखं झालं की डोळा. विणकराला ती मुभा नाही. त्याचा पक्षी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीओळीने येतो. डोळ्याची ओळ आली की डोळा तेव्हाच, तिथेच. चार बोटं पुढे गेल्यावर मागे चुकलेलं दिसलं तर वरून रंग फिरवता येत नाही. मधलं सगळं उसवायचं आणि पुन्हा विणायचं.

मग त्या पायऱ्या

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. विणकराकडे रेघ नावाची गोष्टच नसते. त्याच्याकडे फक्त उभे धागे आणि आडवे धागे आहेत. एका ओळीत हिरवा रंग २० धाग्यांपर्यंत गेला, पुढच्या ओळींत २२, मग २५, असं करत करत बाक तयार होतो. म्हणजे बाक हा मोजणीचा बाक आहे. जवळून त्या पायऱ्या दिसणारच. बारीक रेशीम आणि सावध मोजणी असेल तर पायऱ्या इतक्या लहान होतात, की हातभर अंतरावरून डोळा त्यांची रेघ करून टाकतो.

यातून पक्ष्याचं रूपही ठरतं. पदरावरचा मोर बहुतेक वेळा बाजूने का दिसतो? कारण बाजूने चोच, तुरा, मान, पिसारा सगळं मोजणीत स्पष्ट येतं. समोरून बघणारा मोर ओळखूच येणार नाही. भोवती गडद कड का? कारण जर चमकते, आणि चमकत्या जमिनीवर रंगाची हद्द डोळ्याला हरवते. कड ती हद्द धरून ठेवते. आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवावेच लागतात. नाही अडकवले तर उभ्या हद्दीवर कापडात फट पडेल. साडी नेसायची असते, तिला ताण बसतो, फट चालत नाही.

म्हणून बांगडी-मोर ही नक्षी मानाची समजतात. बांगडीच्या आकाराच्या गोलात मोर. गोलात प्रत्येक ओळीला चढ बदलतो. बाजूला जवळजवळ उभी हद्द, वर-खाली जवळजवळ आडवी, मध्ये सगळे तिरके. पाचसहा धाग्यांची मोजणी चुकली तरी बांगडी चेपल्यासारखी दिसते. विणकराचा हात बघायचा असेल तर आधी बांगडी बघा, मोर नंतर.

कोणते पक्षी, कोणती फुलं

आता नावं घेऊ, कारण नावांत इतिहास असतो.

पहिला मुनिया. पक्षी-निरीक्षकांच्या पुस्तकात मुनिया म्हणजे चिमणीपेक्षा लहान, जाड चोचीचा, दाणे टिपणारा पक्षी. येवल्याच्या मागावर मात्र मुनिया म्हणजे छोटा पोपट. हिरवा, लाल चोचीचा. काठावर, पदरावर, पानांच्या आड, कुठेही बसतो. पोपट हे आपल्याकडे कामदेवाचं वाहन, त्यामुळे लग्नाच्या वस्त्रावर तो असणं साहजिक आहे. मग तोता-मैना, जोडीने बसलेले. हे लोककथांतून आलेले. मग मोर, आणि तो बांगडी-मोर. आणि हुमरपरिंदा नावाची एक जुनी पक्ष्यांची नक्षी आहे. 'परिंदा' म्हणजे पक्षी, शब्द फार्सी. एका मराठी साडीवरच्या पक्ष्याचं नाव फार्सी आहे, यातच दख्खनचा इतिहास आला.

फुलांत मोठं नाव असावली. फुलांची वेल, पानांसकट. मग अमरवेल, मग कमळ. कमळाच्या नक्षीला अजिंठ्याशी जोडतात, आणि अजिंठ्याच्या छतांवरची कमळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे नातं पटेल. इथे जपानचा एक धागा परत येतो. आराई काम्पो नावाचा जपानी चित्रकार १९१६ साली भारतात आला, रवींद्रनाथ ठाकुरांच्या घरी राहिला, आणि मग अजिंठ्याच्या लेण्यांत बसून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. म्हणजे ज्या भिंतींकडे तो चित्रकार कुंचला घेऊन बघत होता, त्याच भिंतींवरच्या कमळाचं नाव आपल्या विणकरांच्या तोंडी आहे.

अंगावरच्या बुट्ट्यांची नावंही ऐका : कोयरी, रुईफूल, अशर्फी, चांदणी. काठांची नावं नारळी आणि पंखी. रुई, नारळ, आंब्याची कोय, सगळं परसातलं आणि देवघरातलं.

आता एक गंमत बघा. येवल्याच्या वाटेवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर-मध्यमेश्वर आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, चमचे येतात, बदकांचे थवे येतात. यातला एकही पक्षी जुन्या पैठणीवर नाही. जाकुचूने अंगणातला कोंबडा बघून रंगवला. आपल्या विणकराने तळ्यावरचा पक्षी बघून विणला नाही. त्याचे पक्षी कथेतून, देवळातून, दरबारातून आले आणि नंतर मागाच्या मोजणीत बसले. एकदा मोजणी बसली की ती बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे गेली. म्हणून तो मोर तीन पिढ्या तसाच दिसतो.

पैठण ते येवला

नाव पैठणचं, माग येवल्याचे, हे कसं झालं? पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. आपल्या नाशिकहून निघालेली गोदावरी पुढे तिथे जाते. या कापडाबद्दल बोलताना 'पेरिप्लस' या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक पुस्तकाचा दाखला बरेच लोक देतात. तो जरा जपून द्यावा. त्या पुस्तकात पैठणहून भडोचला जाणाऱ्या मालात रंगीत दगड आहेत, आणि कापड आहे ते तेरहून जाणारं. पैठण मोठी बाजारपेठ होती हे त्यातून कळतं. जरीचा मोर त्यात शोधू नये.

पुढे पेशवाईत या कापडाला मोठी मागणी आली. थोरल्या माधवरावांनी तांबड्या, हिरव्या, केशरी, डाळिंबी, गुलाबी रंगांचे असावली दुपट्टे मागवल्याचं सांगतात. माधवरावांची कारकीर्द १७६१ ते १७७२. म्हणजे क्योतोमध्ये जाकुचू रेशमावर मोर रंगवत होता, त्याच दशकात पुणे दरबारासाठी गोदाकाठी रेशमात फुलं विणली जात होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. नंतर निजामाच्या घराण्याचा आश्रय मिळाला. निजामाची सून निलोफर, ऑटोमन राजघराण्यातली, १९३१ साली लग्न होऊन हैदराबादला आली. पदराच्या आणि काठाच्या काही नव्या नक्ष्यांचं श्रेय तिला दिलं जातं.

येवल्याला हा धंदा वसवला तो रघोजीबाबांनी, ज्यांनी ते गावच वसवलं. विणकरांना आणि रेशमाच्या व्यापाऱ्यांना त्यांनी सवलती देऊन आणलं. खत्री, कोष्टी, साळी अशी घरं आली. आज येवल्यात आणि नागडे, बल्हेगावसारख्या आसपासच्या गावांत घराघरात माग आहेत. रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. इथलं काय, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे : मोजणी आणि सांधा. आणि तीच खरी पैठणी.

आता पाठ

म्हणूनच आम्ही सगळ्यांना एकच सांगतो. पैठणी हातात घेतलीत की पदर उलटा करा.

हाताने, वेगवेगळ्या कांड्यांनी विणलेल्या पदराची पाठ जवळजवळ पुढच्या बाजूसारखीच असते. तोच मोर, तेच रंग, फक्त तोंड दुसरीकडे. कारण प्रत्येक रंग आपल्या हद्दीत जातो आणि तिथूनच परत फिरतो. मागे लोंबकळायला काही उरतच नाही. यंत्रमागावर जकार्डने काढलेल्या मोरात तसं होत नाही. तिथे रंगीत धागा काठापासून काठापर्यंत धावतो. मोर आला की पुढे दिसतो, मोर संपला की मागे लपतो. म्हणून पाठीवर मोकळ्या धाग्यांच्या रांगा दिसतात, किंवा ते कापून टाकलेले असतील तर तुटक टोकं हाताला लागतात. पुढून दोन्ही मोर छान दिसतील. खरं सांगायचं तर यंत्रावरचा मोर पुढून जास्त सफाईदार दिसेल, कारण यंत्र मोजणीत चुकत नाही.

जपानी चित्राची पाठ बघायची नसते, पैठणीची पाठच बघायची असते, असं म्हणतो ते यासाठी.

इथे एक सावधगिरी हवी. आज पुष्कळ हातमागांवर काठासाठी जकार्ड जोडलेलं असतं. त्यामुळे काठाच्या मागे धागे दिसले म्हणून लगेच साडी खोटी ठरवू नका. निवाडा पदरावर करा.

आणि दुसरी गोष्ट. यंत्रावरची साडी वाईट असते असं आमचं म्हणणं नाही. सेमी पैठणी म्हणून ती उघड विकली जाते, ज्यांचं बजेट तेवढं आहे ते आनंदाने घेतात, नेसतात. त्यात काही गैर नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा तोच माल हाताने विणलेला म्हणून विकला जातो. हजारोंचा फटका गिऱ्हाइकाला बसतो हे खरं, पण खरा फटका मागावर बसतो. विचार करा. जो पदर विणायला दोन माणसांचे महिने जातात, त्याच्या शेजारी तसाच दिसणारा पदर चौथ्या हिश्शाच्या किमतीत ठेवला, आणि बघणाऱ्याला फरकच कळला नाही, तर तो काय म्हणणार? 'तिकडे स्वस्त आहे हो.' विणकर मग दोनच गोष्टी करू शकतो. मजुरी कमी करून घ्यायची, किंवा नक्षी सोपी करायची. दाट पदराच्या जागी चार मोर, बांगडीच्या जागी साधी बुट्टी. आणि अवघड नक्षी दहा-पंधरा वर्षं कोणी विणलीच नाही, तर ती मोजणी कोणाच्या डोक्यात राहणार? कागदावर नमुना राहील. हात राहणार नाही. घरातला मुलगा माग बघतो, बापाची पाठ आणि डोळे बघतो, हिशेब करतो आणि दुसरं काम शोधतो. त्याला दोष कसा देणार?

पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कायद्याचं संरक्षण आहे. ते हवंच. पण दुकानात साडी उलटी करून बघणारं गिऱ्हाईक हे त्याहून रोजचं संरक्षण आहे. एका दिवसात शंभर बायकांनी पदर उलटून बघितला, तर दुकानदार पुढच्या वेळी माल घेताना स्वतःच उलटून बघेल.

श्रोत्यांचे प्रश्न

*दुकानात 'सिल्क मार्क' दाखवतात. तो असला म्हणजे साडी हातमागाची असते ना?*

नाही. हा गोंधळ फार होतो, बरं झालं विचारलंत. सिल्क मार्क एवढंच सांगतो की कापड शुद्ध रेशमाचं आहे. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो मिळू शकतो. हाताने विणल्याची खूण म्हणजे हॅण्डलूम मार्क. ती वेगळी. आणि जर कोणती हा तिसराच प्रश्न. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली खरी जर, तांब्याच्या तारेची टेस्टेड जर, आणि प्लॅस्टिकची नुसती चमकी, असे प्रकार आहेत. म्हणून प्रश्न तीन विचारायचे : रेशीम कोणतं, जर कोणती, विणलं कशाने. तिन्हींची उत्तरं बिलावर लिहून मागा. खरा दुकानदार कुरकुरत नाही.

*आजीची पैठणी आहे, घडीवर चिरत चालली आहे. काय करावं?*

प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधी बाहेर काढा. जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. रेशीम त्याच त्याच रेघेवर दुमडलं की तिथेच तुटतं, आणि जर असेल तर लवकर तुटतं. शक्य असेल तर घडी न घालता नळीवर गुंडाळा. अत्तर जरीवर मारू नका. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. जुनी पैठणी मोडीत घालून जरीचे पैसे करण्याआधी एकदा कोणा जाणत्याला दाखवा. तिच्या पदरावर एखादी अशी नक्षी असेल, जी आज कोणी विणत नाही. पदराचे दोन्ही बाजूंनी फोटो तरी काढून ठेवा.

*नांदूर-मध्यमेश्वरचा रोहित पदरावर विणता येणार नाही का?*

येईल की! लांब मान, बाकदार चोच, बाजूने उत्तम दिसतो. मागाला तो पसंतच पडेल. पण पहिला रोहित महाग पडेल. नवी मोजणी बसवायची, दोन-तीनदा उसवायचं, रंगाच्या हद्दी ठरवायच्या, हे सगळं पहिल्या साडीवर येतं. दहावा रोहित सोपा जातो. म्हणजे कोणीतरी पहिल्या साडीचे पैसे मोजायला हवेत. पेशव्यांनी ते मोजले, निजामाने मोजले. आता दरबार नाहीत, गिऱ्हाईक आहे. नवीन नक्षी हवी असेल तर मागवणाऱ्याने घाई करू नये आणि घासाघीस करू नये, एवढंच.

वेळ संपत आली आहे. येवला लांब नाही. सकाळची एसटी धरली तर दुपारपर्यंत माग बघून होतो, आणि बहुतेक घरांत विचारलं तर प्रेमाने दाखवतात. साडी घेतलीच पाहिजे असं नाही. मागाशेजारी दहा मिनिटं शांत उभे राहा आणि एका ओळीत किती वेळा कांडी बदलते ते मोजा. त्यानंतर पदराची किंमत जास्त आहे की कमी, हे तुमचं तुम्हीच ठरवा.